सरवा न ठेवणारे तात्या

सोसायटीच्या सत्यनारायणाला तात्या जेवायला बसले की नवा माणूस त्यांच्या पत्रावळीकडे बघत राही. जेवण संपल्यावर तिच्यावर भाताचं शीत नसे, आमटीचा ओघळ नसे. कढीपत्त्याची पानं चावून गिळलेली, लिंबाची फोड सालासकट संपलेली. उठायच्या आधी ते तर्जनी पत्रावळीच्या कडेने एकदा फिरवत, ती चाटत आणि शेजारी बसलेल्याला सांगत, "आमच्या रानात सरवा राहत नाही."

शेजारी बसलेला बहुधा मुंबईतच जन्मलेला. तो अर्थ न कळता मान हलवी. माझी बायको नंदा कुडाळकडची. लग्न होऊन ती बोरिवलीला आली त्या वर्षी हे वाक्य ऐकून घरी आली आणि म्हणाली, "सरवा म्हणजे काय हो? ढेकूण-बिकूण का?"

आई हसता हसता खाली बसली. आई माणदेशातली. मुंबईत पन्नासहून जास्त वर्षं काढून तिची बोली तशीच आहे. ती म्हणाली, "अगं, पीक काढून नेल्यावर मागं रानात जे ऱ्हातं, त्यो सरवा. जुंधळ्याची कणसं ऱ्हात्यात, भुईमुगाच्या शेंगा मातीत ऱ्हात्यात, हरभऱ्याचं घाटं गळत्यात. ज्याला जमीन न्हाई त्यानं जाऊन येचायचं. आमी भावंडं सरव्यावरच वाढलो."

तिने मग नंदाला सगळा रिवाज सांगितला, आणि पुढच्या गोष्टीसाठी तो इथे सांगणं भाग आहे. मालकाची माणसं रानात आहेत तोवर बांधावर बसून राहायचं. शेवटची गाडी भरली, मालकाने रानाकडे पाठ फिरवली, की आत शिरायचं. त्यानंतर आत जे असेल ते वेचणाऱ्याचं. मालकाची पाटी, म्हणजे टोपली, राहिलेली सापडली तर पाटी परत, आतल्या शेंगा वेचणाऱ्याच्या. त्या शेंगा मागायला मालक परत येत नाही. आलाच तर गाव त्याला हसतं.

थोडक्यात, सरवा म्हणजे नुसतं वाया गेलेलं पीक नव्हे. मालकाने मागे राहू दिलेलं आणि त्यामुळे दुसऱ्याचं झालेलं पीक. तात्यांच्या रानात तो राहत नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता.

तात्यांबद्दल मी गोड लिहिणार नाही. मला ते आवडत नव्हते, त्यांना मी आवडत नव्हतो, आणि हे आमच्या चोवीस घरांच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. ते कितीतरी वर्षं सेक्रेटरी, मी त्यातली बरीच वर्षं खजिनदार. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी हिशेब तपासतो, त्यामुळे त्यांच्या बाजूचं जे आहे ते आधी लिहितो. तात्यांनी सोसायटीचा एक पैसा खाल्ला नाही. पाण्याची टाकी वेळेवर साफ होई. गच्चीचं डांबर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून टाकून घेतलं. त्यांच्या कामात चूक सापडावी म्हणून मी पुष्कळ शोधलं. सापडली नाही.

काटकसर मलाही आवडते. दुधाची पिशवी कापून, विसळून ते पाणी आमच्याही चहात जातं. पण ती माझी पिशवी. तात्यांची नजर दुसऱ्याला काय मिळू शकेल यावर असे. त्यांनी जुनं लोखंडी कपाट वॉचमनला दिलं, तर देण्याआधी आतल्या फळ्या काढून घेतल्या. फळ्या त्यांच्या काही कामाच्या नव्हत्या. गच्चीवर गंजत पडल्या. गणपतीत महाप्रसादाच्या पुऱ्या उरल्या की धुणंभांडी करणाऱ्या बायका जिन्यात घुटमळत. तात्या टोप उचलून आपल्या घरात नेत आणि आतून कडी लावत. दुसऱ्या दिवशी त्या पुऱ्या कचऱ्याच्या डब्यात दिसत.

नंदा एकदा ते बघून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "मेल्याक काय मरणाची हाव!"

पण ती हाव नव्हती, हे मला नंतर कळलं. हाव असती तर मी एवढा चिडलो नसतो. हावरट माणूस निदान खातो.

आमच्या कंपाउंडमध्ये रायवळ आंब्याची तीन झाडं आहेत. इमारत बांधताना तोडायची राहून गेली. नॅशनल पार्क मागच्याच अंगाला, त्यामुळे एप्रिल लागला की माकडं उतरतात. तात्या पहाटे उठून लवंगी फटाके घेऊन बसत. एक पिल्लू आंबा घेऊन भिंतीवर चढलं तर ते भिंतीपर्यंत धावत गेलेले मी पाहिले आहेत, सत्तरीच्या घरातले, लुंगीवर. माकडाने आंबा टाकला. तात्यांनी उष्टा आंबा उचलून बघितला आणि गटारात फेकला.

मेमध्ये एका रविवारी आंबे उतरवायचे आणि घरटी वाटायचे, ही पद्धत. तात्या झेल्याने आंबे काढत. झेला म्हणजे लांब काठीला जाळी लावलेली. आंबा तुटला की जाळीत पडतो. जिन्याखाली दोन हुकांवर तो आडवा टांगलेला असे, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. वाटप मी करायचो. मोजून, लहान-मोठे सारखे विभागून. यात कधी भांडण झालं नाही. तात्या आपला वाटा घेत आणि नाशिकला मुलाकडे पाठवत. त्यांना मधुमेह होता. त्यातला एक आंबा त्यांच्या तोंडात जात नव्हता.

प्रश्न होता वाटपानंतर पडणाऱ्या आंब्यांचा. झाडाच्या शेंड्यापर्यंत झेला पोचत नसे. ते आंबे पुढचे दहा-पंधरा दिवस एकेक करून पडत. शोभा आमच्या इमारतीत पाच-सहा घरी काम करते. ती आणि तिच्या ओळखीच्या दोघी-तिघी जाता-येता ते उचलून नेत. तात्यांनी फळ्यावर सूचना लावली: पडलेले आंबे सेक्रेटरींकडे जमा करावेत. वॉचमन जमा करू लागला. तात्यांच्या दाराबाहेर एक बादली ठेवलेली असे. त्यात आंबे सडत, त्यावर चिलटं घोंगावत, आणि भरली की ती बादली कचऱ्यात रिकामी होई.

मी त्यांना विचारलं, "तात्या, हे कोणी खाल्लं तर तुमचं काय जातं?"

"तुम्ही शहरातली माणसं," तात्या म्हणाले. खरं तर मी जन्मल्यापासून मुंबईत आहे, आणि ते माझ्या जन्माआधीपासून. "आमची बारा एकर बागायत होती. भुईमूग उपटून झाला की त्याच दिवशी वडील नांगर घालायचे. बायापोरं बांधावर बसलेली असायची फडकी घेऊन. वडील म्हणायचे, यांना एकदा वेचू दिलं ना, की पुढच्या वर्षी मजुरीला येऊन मुद्दाम शेंगा मातीत ठेवतील. सवय लागते हो, खजिनदारसाहेब. आज पडलेला उचलतील, उद्या झाड हलवतील."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "ठेवायचोच की आमी! मूठभर ठेवायचो. मालकाला ठावं असायचं. त्यो तिकडं बघायचाच न्हाई."

अशाच एका मे महिन्यात वाटप झाल्यावर दोन दिवसांनी रात्री वारा सुटला. आईचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी कठड्याला धरून खाली उतरायची आणि कंपाउंडला दोन-तीन फेऱ्या मारायची. हीच तिची करमणूक आणि हाच तिचा बाहेरच्या जगाशी संबंध. फेऱ्या मारताना ती अर्ध्या इमारतीशी बोलून घेई. त्या सकाळी झाडाखाली पाच-सहा आंबे पडलेले होते. तिने ते पदरात घेतले आणि वर आणले. नंदाने रायत्याला बाजूला काढले.

दुपारी कारखान्यात माझा फोन वाजायला लागला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो होता. गेटवरच्या कॅमेऱ्यातून काढलेला. आई वाकलेली, पदराचा ओटा केलेला, चेहरा स्वच्छ दिसतो आहे. खाली तात्यांनी लिहिलं होतं: सोसायटीच्या मालमत्तेची चोरी. सदस्यांनी ओळख पटवून द्यावी.

ओळख पटवून द्यावी! चाळीस वर्षं ज्या बाईला ते जिन्यात 'काय काकू, बरं आहे ना?' म्हणत होते तिची.

मी रजा टाकून घरी आलो. नंदाने आईपासून लपवलं होतं, पण पहिल्या मजल्यावरच्या कोणीतरी येऊन मोबाइल तिच्यासमोर धरला होता. आई पलंगावर बसली होती. मी म्हटलं, "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी बघतो त्याच्याकडे."

ती म्हणाली, "माझा फोटू सगळ्यांनी बघितला?"

"बघितला. काय झालं त्यात?"

"चोर म्हनून?"

दुसऱ्या दिवसापासून तिने खाली उतरणं बंद केलं. गुडघ्याचं निमित्त सांगू लागली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हटलं तर म्हणे, घरातल्या घरात चालते. खिडकीशीही उभी राहीना. आठवडाभरात ती मला लहान दिसायला लागली.

मी विशेष सभा मागितली. मला एवढंच हवं होतं: 'चोरी' हा शब्द मागे घेऊन तात्यांनी आईची लेखी माफी मागावी, त्याच ग्रुपवर, आणि आईने पुन्हा खाली उतरावं.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभा झाली. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी मला बसूही दिलं नाही.

"फोटो खोटा आहे का? एवढंच सांगा."

"फोटो खरा आहे. खालची ओळ खोटी आहे."

"आंबे कोणाचे?"

"सोसायटीचे."

"उचलले कोणी?"

"माझ्या आईने. वाटप झाल्यावर. आणि त्यात चोविसावा हिस्सा तिचा होताच."

"बरं. मग उरलेले तेवीस हिस्से?" तात्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "तुम्ही हिशेब तपासता ना? तेवीस जणांचं एकाने उचललं, त्याला तुमच्या हिशेबात काय म्हणतात?"

दोघं-तिघं हसले. तिसऱ्या मजल्यावरचे जयेशभाई म्हणाले, "अरे तात्या, पाच आंब्यासाठी कशाला यार एवढं? म्हातारी बाई आहे."

"पाच असो की पन्नास. तत्त्वाचा प्रश्न आहे."

मला राग आला तो त्यांचा हिशेब बरोबर होता म्हणून. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात लोक माझ्या मागे बघायला लागले. आई जिन्यातून उतरत होती. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताला नंदा. तिने सणाला नेसते ते हिरवं लुगडं नेसलं होतं. जयेशभाईंनी आपली खुर्ची दिली. ती बसली, दम घेतला.

"तात्या," ती म्हणाली, "तुमी बरोबर बोलताय. चुकलं माझं."

मी म्हटलं, "आई, तू काय बोलतेस?"

"तू गप रे. मला बोलू दे." ती तात्यांकडे वळली. "म्या ते आंबं सरवा म्हनून उचललं. वाटप झालं, समदी आपापल्या घरी गेली, तवा मला वाटलं, आता हे आपलं. ल्हानपनापासनं सवं हाय. पडलेलं दिसलं की हात जातो. पन सरवा मालकानं येचायचा नसतो. हे घर माझ्या नावावर हाय. ह्याच्या बापानं घेतलं तवा माझ्या नावावर केलं. इतकी वर्सं झाली, पन मी मालकीन हाय हे माझ्या ध्यानातच ऱ्हात न्हाई. म्हनून चुकलं."

माझ्यासारख्या माणसाला हे सुचलंच नसतं. तिला स्वतःची जी चूक दिसत होती ती तात्यांच्या फोटोत नव्हती आणि माझ्या उत्तरातही नव्हती.

तात्यांना वाटलं आपण जिंकलो. ते म्हणाले, "काकूंनी मोठ्या मनाने कबूल केलं. विषय संपला."

"न्हाई संपला," आई म्हणाली. "तुमी बी मालकच हाय की. मग तुमी का येचताय? वॉचमनला बादली घेऊन फिरवताय, ते येचनंच झालं. वाटप झाल्यावर आपलं संपलं. खाली पडंल ते ज्याचं झाड न्हाई त्याचं. शोभाचं, वॉचमनच्या बायकोचं. माझं न्हाई अन् तुमचंबी न्हाई."

"काकू, हे गाव नाही. ही रजिस्टर्ड सोसायटी आहे."

"असू द्या की. आंबं तर झाडावरनंच पडत्यात न्हवं?" काही लोक हसले, पण या वेळी तात्यांच्या बाजूने नाही. आईचा आवाज मात्र चढला नाही. "तुमच्या रानात सरवा ऱ्हात न्हाई म्हंता. आमच्या गावात बी एक असं रान हुतं. दिवसभर आमी पोरं बांधावर बसायचो आन् रिकाम्या वट्यानं माघारी यायचो. त्यो मालक मेला त्याला कैक वर्सं झाली. पन गावात त्याचं नाव निघालं की लोक त्याचं एकर सांगत न्हाईत. त्यो त्याच दिशी नांगर घालायचा, तेवढंच सांगत्यात."

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो पुरेपूर बघून घेतला. त्यांच्या वडिलांचं तिला मी सांगितलं होतं, हे त्यांना कळलं.

ठराव झाला. वाटपानंतर पडलेले आंबे सदस्यांनी उचलायचे नाहीत. इमारतीत काम करणाऱ्यांनी खुशाल न्यावेत. विरोधात एक मत. फोटो तात्यांनी काढून टाकला. माफी मागितली नाही. मी अडून बसलो, तर आईच म्हणाली, "माफी घेऊन काय करू? उद्या सकाळी मला खाली सोडायला ये, तेवढं बास."

सकाळी ती उतरली. फेऱ्या सुरू झाल्या. पायापाशी आंबा आला तर ती त्याला वळसा घालून पुढे जाई.

तात्यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. इथे त्यांचं चित्र संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पण पुढच्या मेमध्ये आंबे उतरवायच्या दिवशी ते झेला घेऊन बाहेर आले आणि मी बघतच राहिलो. त्यांनी झेल्याच्या काठीला आणखी एक बांबू जोडला होता. तारेने पक्का आवळून, वर डांबराची पट्टी गुंडाळून. झेला आता शेंड्याला पोचत होता.

नवे सेक्रेटरी म्हणाले, "तात्या, राहू द्या. माणूस बोलावतो आपण."

"झेला माझा आहे. मी सदस्य आहे. वाटपाच्या आधी आंबे काढायला ठरावाची बंदी आहे का? आहे का, खजिनदारसाहेब?"

नव्हती. मी ठराव स्वतः लिहिला होता आणि त्यात हे लिहायला विसरलो नव्हतो. हे कोणी करील असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तात्यांनी दिवसभर मान वर करून शेंडा उतरवला. पिकलेले, कच्चे, सुपारीएवढे, सगळे. मधुमेहाने पाय सुजलेले, तरी खुर्ची घेतली नाही. शेवटचा आंबा उतरला तेव्हा तिन्ही झाडांवर नुसती पानं होती. संध्याकाळी शोभा येऊन वर बघून गेली. तात्यांनी हात धुतले आणि कोणालाही उद्देशून नव्हे, नुसतंच म्हणाले, "आमच्या रानात सरवा राहत नाही."

हे दरवर्षी झालं. ठराव तसाच राहिला आणि झाडाखाली काही पडलं नाही. त्या वर्षांत मी तात्यांशी एक शब्द बोललो नाही. जिन्यात समोर आले तर मी भिंतीकडे बघायचो, ते माझ्या चपलांकडे. आई मात्र फेरी मारताना त्यांच्या खिडकीशी थांबून "काय तात्या, पाय कसा हाय?" असं विचारायची. ते "ठीक" म्हणायचे. मला ते आवडत नसे. मी तसं बोललो तर म्हणायची, "तुझं भांडान हाय, तू कर."

मागच्या थंडीत त्यांनी घर विकलं आणि मुलाकडे नाशिकला जायचं ठरवलं. बायको आधीच वारलेली, पाय निकामी होत आलेला. सामान भरताना मी खिडकीतून बघत होतो. ट्यूबलाइट निघाल्या, पंखे निघाले, दाराची बेल निघाली. भिंतीतले खिळे त्यांनी पक्कडीने उपटून डब्यात भरले. नावाची पाटी काढून तिचे स्क्रू खिशात टाकले. घर घेणारं जोडपं तरुण होतं, लोंबणाऱ्या वायरी बघून ती मुलगी नवऱ्याला म्हणाली, "वाट लागली, यांनी होल्डरपण नेले."

शेवटी झेला राहिला. टेम्पोत तो मावेना. त्यांनी तो आडवा करून बघितला, तिरका करून बघितला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, बाहेर निघाला तर चौकीवर पकडतील. तोडून टाकू का मधून?"

"हात लावू नकोस," तात्या ओरडले.

जोड सोडला असता तर तो मावला असता. ते तारेला हात घालत होते. पण त्यांनीच इतकं घट्ट आवळलं होतं की बोटांना ते सुटेना, आणि पक्कड खाली कुठल्यातरी डब्यात गेली होती. मी खाली उतरलो. मदतीला नव्हे, दुधाला. इतक्या वर्षांनी त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली.

"झेला इथे ठेवतोय. न्यायला माणूस पाठवतो. कोणी हात लावायचा नाही."

"बरं," मी म्हटलं. निरोप म्हणून एवढंच झालं. त्यांनी झेला जिन्याखालच्या हुकांवर अडकवला, दोनदा हलवून बघितला आणि टेम्पोत पुढे बसले. मागे वळून बघितलं नाही.

माणूस आला नाही. जानेवारी गेला, होळी झाली, माकडं उतरली. फटाके लावायला कोणी नव्हतं. त्यांनी खाल्लं ते खाल्लं. मेमध्ये आम्ही एक माणूस बोलावला. तो आपला आखूड झेला घेऊन आला आणि हाताला आले तेवढे आंबे काढून गेला. मी वाटप केलं. शेंडा लगडलेला राहिला. कोणीतरी म्हणालं, "तात्यांचा झेला आहे ना खाली?" मी सांगितलं की दुसऱ्याची वस्तू आहे, हात लावायचा नाही. हे मी नियम म्हणून सांगितलं.

तीन-चार दिवसांनी आंबे पडायला लागले. त्याच सुमारास एका दुपारी फोन वाजला. नाव बघून मी उचलावा की नाही असा विचार केला. आई समोर बसली होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावला.

"आंबे उतरवले का?" तात्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. आवाज बसलेला होता.

"उतरवले."

"शेंडा?"

"शेंडा राहिला."

"राहिला म्हणजे? झेला आहे ना तिथे?"

"आहे. तुम्ही हात लावू नका म्हणाला होता."

पलीकडून जोरात श्वास घेतल्याचा आवाज आला. "अहो, मग ते पडतील सगळे! मी उद्याच माणूस पाठवतो. झेला घेईल आणि जाण्याआधी शेंडाही काढून देईल."

आईने हात पुढे केला. मी फोन तिच्यासमोर धरला.

"तात्या, मी बोलतेय. पाय कसा हाय?"

"काकू... पाय काढला. गुडघ्याच्या खाली. फेब्रुवारीत."

मला वाईट वाटलं का, याचा मी नंतर विचार केला. थोडं वाटलं. आवडण्याइतकं नाही.

"जपा," आई म्हणाली. "मानूस पाठवा, झेला घेऊन जाऊ द्या. पाटी मालकाची असती. पन शेंड्याला हात लावू नका म्हनावं. तुमी पाठ फिरवून गेलासा. आता ते तुमचं न्हाई."

"काकू, मातीत जातील ते."

"मातीत न्हाई जात. शोभा येचती. तिची जाऊ येती, वॉचमनची बायको येती. सकाळी वटा भरून नेत्यात." मग ती हसली, अगदी थोडं. "तात्या, तुमच्या रानात सरवा ऱ्हायला बघा औंदा."

मग तात्यांनी विचारलं, "गोड आहेत का?"

"मला काय ठावं? मी खात न्हाई. मालकीन हाय मी."

"हं," तात्या म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या 'हं'मध्ये काय होतं ते मला सांगता येणार नाही, आणि त्यात काही बरं होतं असं लिहायची माझी तयारी नाही. गणपतीच्या आधी नाशिकहून त्यांच्या मुलाचा निरोप आला, तात्या गेले. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडली. मी काही टाकलं नाही.

झेला अजून जिन्याखाली त्याच दोन हुकांवर आहे. मुलाला मी फोन करून विचारलं, न्यायला कोणाला पाठवताय का. तो म्हणाला, "काका, बाबांनी त्याबद्दल सांगून ठेवलंय. माणूस पाठवू नकोस, राहू दे तिथेच, म्हणाले."